मला राजकारणातलं काही कळत नाही, मग मी मत द्यावं का?

वाचक लिहितात:

सप्रेम नमस्कार. माझं वय ४७. लग्न झाल्यापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही, पण मत कुणाला द्यायचं हे मी कधी ठरवलेलं नाही. आदल्या रात्री यजमान आणि दीर मिळून ठरवतात आणि सकाळी आम्ही जावा-जावा जाऊन ते बटण दाबून येतो. कुणी जबरदस्ती केली असं म्हणणार नाही, मलाच कधी विचारावंसं वाटलं नाही. आता मुलीला अठरा पूर्ण झाली. परवा तिने विचारलं, “आई, गेल्या वेळी कुणाला मत दिलंस?” मी सांगितलं. “का?” म्हणाली. मला काही बोलता येईना. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. मला राजकारणातलं काही कळत नाही. टीव्हीवर नुसती आरडाओरड, मोबाइलवर येतं त्यातलं खरं किती, खोटं किती, देव जाणे. न कळता मत देण्यापेक्षा न दिलेलं बरं असं वाटायला लागलंय. की ‘नोटा’ दाबावं? आणि समजा मी वेगळं ठरवलं, तर घरात सांगावं लागेल का? माझं नाव छापू नका.

उत्तर:

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण ती धास्ती मनात असली तर बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. घरात सांगावं लागेल का? नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यातलं कलम ९४ सांगतं की आपण कुणाला मत दिलं हे उघड करायची सक्ती कुणावरही करता येत नाही, कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसावरही नाही. तेव्हा घरात कुणी विचारलंच, तर “दिलं” एवढं उत्तर पुरेसं आहे. लोकसभा-विधानसभेला मतदान यंत्राशेजारी व्हीव्हीपॅट या यंत्राच्या काचेआड मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दिसते ती सात सेकंद, तीही फक्त तुम्हाला. मोजणीनंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते कळतं. त्यातलं तुमचं कुठलं, ते कुणालाच कळत नाही. “आम्हाला सगळं समजतं” असं सांगणारा कार्यकर्ता तुम्हाला घाबरवतोय, दुसरं काही नाही.

घरात भांडण काढा असं मी म्हणत नाही. उलट आदल्या रात्री जी बैठक बसते, त्यात तुम्हीही बसा. जावेलाही बसवा. यजमान एक नाव सांगतील, तेव्हा तुमच्या मुलीने तुम्हाला जे विचारलं तेच शांतपणे विचारा: का? कदाचित त्यांच्याकडे चांगलं कारण असेल आणि ते तुम्हाला पटेलही. पटलं तर तेच बटण दाबा. दोघांनी एकालाच मत देण्यात कमीपणा काही नाही. फक्त ते तुमचं कारण असलं पाहिजे, तुम्हाला सांगता येईल असं.

एक जुनी हकिगत मुद्दाम सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या, तेव्हा देशात कित्येक बायकांनी नाव सांगायला नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच नोंद करा, म्हणाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते चालवून घेतलं नाही. स्वतःचं नाव द्या, मुदत वाढवून देतो, पण कुणाची कोण म्हणून यादीत जाता येणार नाही. शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीत येऊ शकली नाहीत. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला असेल, पण मला तो बरोबर वाटतो. पुढच्या निवडणुकांत बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. यादीत नाव तुमचं आहे, तर त्या नावामागचा विचारही तुमचाच हवा, एवढीच आता पुढची पायरी आहे.

आता ‘न कळता देण्यापेक्षा न दिलेलं बरं’ याबद्दल. हे मला अजिबात मान्य नाही, आणि का ते सांगते. तुम्ही गेला नाहीत म्हणून निवडणूक थांबत नाही, कुणीतरी निवडून येतंच. आपल्याकडे सगळ्यांत जास्त मतं पडतात तो जिंकतो, मग ती झालेल्या मतदानाच्या निम्मी का नसेनात. म्हणजे मनाला टोचणी लागलेली माणसं घरी बसली, तर जे पाकिटावर किंवा जातीच्या हाकेवर येतात त्यांच्या मताचं वजन तेवढं वाढतं. तुम्हाला कळत नाही याची तुम्हाला बोच आहे. अशी बोच असलेल्या माणसाने तर केंद्रावर गेलंच पाहिजे.

‘नोटा’चंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हे बटण आलं, आणि सगळे उमेदवार बघून-तपासून एकही पटला नाही तर ते दाबायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण लोकसभा-विधानसभेत ‘नोटा’ला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे, तो निवडून येतो. तेव्हा नाराजी नोंदवायला ते ठीक आहे, माहिती काढायच्या कंटाळ्यावरचा उपाय म्हणून नको.

तर मग माहिती किती लागते? सगळे पक्ष, सगळी गटबाजी, कुणाची कुणाशी कशी बिनसली, हे काही तुम्हाला पाठ करायचं नाही. टीव्हीवर चालतं ते बहुतेक हेच असतं, आणि त्यातलं निम्मं माहीत नसलं तरी मतदार म्हणून तुमचं काही अडत नाही. तुम्हाला लागेल ते एका संध्याकाळी होण्यासारखं आहे.

पहिलं म्हणजे, ही निवडणूक कशाची आहे. हे विचारायला बायकांना, खरं तर पुरुषांनाही, संकोच वाटतो आणि तिथेच गाडी चुकते. नळाला पाणी, गटार, कचरा, गल्लीतले रस्ते ही शहरात नगरपालिका-महापालिकेची कामं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अशा १८ विषयांची यादीच आहे, आणि गावासाठी, म्हणजे पंचायतींसाठी, अकराव्या अनुसूचीत २९ विषयांची. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था राज्याकडे, म्हणजे आमदार निवडताना विचारायचे प्रश्न. रेल्वे, संरक्षण, परराष्ट्र धोरण केंद्राकडे. हे एकदा डोक्यात बसलं की प्रचारातली निम्मी भाषणं आपोआप बाजूला पडतात. नगरसेवकपदाचा उमेदवार सीमेवरच्या प्रश्नावर तावातावाने बोलत असेल आणि तुमच्या भागातल्या पाण्याच्या वेळेवर एक शब्द काढत नसेल, तर तो तुमचं मत मागतोय एका कामासाठी आणि बोलतोय दुसऱ्याच.

स्थानिक निवडणुकीत तर एकाच वेळी दोन-तीन बटणं दाबावी लागतात, तेही आधी माहीत असू द्या. जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण यांची मतं एकत्र होतात. नगरपालिकेत नगराध्यक्ष वेगळा, प्रभागातले सदस्य वेगळे. बहुसदस्य प्रभाग असेल तिथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी निराळं मत. तयारी एका नावाची आणि बटणं चार, असं झालं की उरलेली तीन मतं चिन्ह ओळखीचं वाटलं म्हणून जातात.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: उमेदवाराचं शपथपत्र. ते वाचणारा मतदार मला फार क्वचित भेटतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे कागद मतदाराच्या हातात यायला मोठी कोर्टकचेरी झाली आहे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली. तिच्या याचिकेवरून २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने लगेच कायद्यात बदल करून तो निकाल बोथट करायचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदलही रद्द ठरवला. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबत हे शपथपत्र जोडावं लागतं. लोकसभा-विधानसभेला त्याला नमुना २६ म्हणतात.

ते मिळतं कुठे? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागतं. लोकसभा-विधानसभेसाठी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ या ॲपवर असतं. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांची शपथपत्रं त्याच्या संकेतस्थळावर शोधायची. वर सांगितलेल्या संस्थेचं ‘मायनेता’ हे संकेतस्थळ त्यातला सारांश सोप्या तक्त्यात देतं. मुलीला शेजारी बसवा आणि दोघी मिळून बघा.

काय बघायचं? आधी गुन्ह्यांचा भाग. कुठल्या पोलीस ठाण्यात, कुठल्या कलमाखाली, कुठल्या कोर्टात, आरोपनिश्चिती झाली की नाही, हे सगळं तिथे लिहावं लागतं. ‘सात गुन्हे’ एवढा आकडा ऐकून दचकू नका, कलमं वाचा. भादंविची, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाची, १४३, १८८, ३४१ अशी कलमं असतील तर ती बेकायदा जमाव, आदेशभंग, वाट अडवणं यांची. रास्ता रोको किंवा मोर्चा काढणाऱ्यावर हीच लागतात, आणि पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसावर ती असली तर मी ती त्याच्या बाजूने धरीन. ४२० फसवणुकीचं, ४०६ विश्वासघाताचं, ३०७ खुनाच्या प्रयत्नाचं, ३७६ बलात्काराचं. हे दिसलं की थांबायचं. (१ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची नवी कलमं असतील, त्यांचे आकडे वेगळे आहेत, ती मोबाइलवर शोधून बघावी लागतील.) गुन्हा दाखल होणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, हे खरं. पण पक्षाला अशी उत्तरं सहज देता येऊ नयेत म्हणून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बंधन घातलं: ज्याच्यावर खटले प्रलंबित आहेत असा उमेदवार दिला, तर तोच का निवडला आणि खटला नसलेला माणूस का मिळाला नाही, याची कारणं पक्षाने प्रसिद्ध करायची. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात हे मजकूर येतात. भिंग घेऊन वाचावे लागले तरी वाचा.

मग मालमत्ता. स्वतःची, जोडीदाराची, अवलंबून असलेल्यांची. स्थावर आणि जंगम. कर्ज, सरकारी थकबाकी. आणि मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न. नुसता श्रीमंत आहे म्हणून कुणाला बाद करू नका. बघायचं ते असं, की हा आधी निवडून आलेला असेल तर मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवायचं. जुन्या जमिनीचा भाव वाढला म्हणून आकडा फुगतो, ते समजण्यासारखं आहे. पण नव्या जमिनी आल्या असतील तर त्या कुठल्या उत्पन्नातून, हे उत्पन्नाच्या रकान्याशी ताडून बघता येतं. व्यवसाय काय लिहिलाय तेही बघा. ‘समाजसेवा’ एवढंच लिहून पाच वर्षांत मालमत्ता कैक पटींनी वाढली असेल, तर विचारायचा प्रश्न तुम्हाला मिळालाच. रकाने कोरे सोडता येत नाहीत, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं, हेही २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शिक्षणाच्या रकान्यावर मी फार वेळ घालवत नाही. पदवी नसलेले उत्तम लोकप्रतिनिधी आपल्या राज्याने पाहिले आहेत.

माणूस बघायचा की पक्ष, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्यांदा विचार करायला बसलं की तो येतोच. दोन्ही बघावं लागतं. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनंतर आमदार-खासदाराला सभागृहात पक्षाच्या व्हिपप्रमाणे, म्हणजे लेखी आदेशाप्रमाणे, मत द्यावं लागतं, नाहीतर पद जाऊ शकतं. तेव्हा ‘पक्ष नको पण माणूस चांगला’ म्हणून मत दिलं, तरी कायदा करताना तो हात पक्ष सांगेल तसाच वर करणार. विधानसभा-लोकसभेला म्हणून पक्षाचा जाहीरनामा वाचा, आणि वाचताना मोठ्या आश्वासनाजवळ थांबून पैसे कुठून आणणार ते लिहिलंय का बघा. आचारसंहितेत तशी अपेक्षा आहे, पाळली जाते क्वचित. ग्रामपंचायतीत मात्र आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर निवडणूक होत नाही, तिथे माणूसच बघायचा.

मोबाइलवरच्या मजकुराचं एकच उदाहरण देते, त्यावरून बाकीच्यांचं कळेल. दर निवडणुकीला एक मेसेज फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा, कलम ४९अ. तुमचं मत आधीच कुणी दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ द्या, आणि अशी मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं. वाचायला किती कायदेशीर वाटतं! यातलं खरं एवढंच: तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर केंद्राध्यक्ष तुमची ओळख पटवून नियम ४९पी प्रमाणे तुम्हाला छापील मतपत्रिका देतात. त्यालाच टेंडर मत म्हणतात. यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड दाखवून मत देता येत नाही, आणि १४ टक्क्यांचा असा नियमच नाही. खऱ्यातला एक तुकडा घ्यायचा आणि त्याला खोटं चिकटवायचं, अशी ही रीत. नेत्याच्या वीस सेकंदांच्या व्हिडिओतही तेच होतं. त्यावर राग आला की अख्खं भाषण शोधा, मागचं-पुढचं ऐका. सापडलं नाही तर पुढे पाठवू नका. मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत आलेल्या सनसनाटी मजकुरावर तर मुळीच भरवसा ठेवू नका, कारण तो खोडून काढायला कुणाला वेळ उरू नये म्हणूनच त्या वेळी सोडलेला असतो.

आणि उमेदवार दारात येईल तेव्हा घरातल्या पुरुषांना पुढे करून आत जाऊ नका. प्रचारफेरीत त्याच्याकडे दोन मिनिटं असतात, तेवढ्यात एकच प्रश्न विचारायचा. आधी निवडून आलेला असेल तर: “गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आपल्या प्रभागासाठी कुठलं काम धरलं होतं आणि त्यातलं किती झालं?” नवा असेल तर: “तुम्ही जे करणार म्हणता, ते या पदाच्या अधिकारात आहे का?” उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे नाही कळलं तरी चालेल. त्याला विषय माहीत आहे का, हे चेहऱ्यावरून कळतं, आणि गर्दीतल्या चार बायकांनी तो प्रश्न ऐकलेला असतो. खासदाराचं काम तपासायचं तर लोकसभेच्या संकेतस्थळावर त्याने विचारलेले प्रश्न असतात. नगरसेवक सभांना हजर असतो का, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. त्यासाठी निवडणुकीची वाट बघायची गरज नाही, अर्ज आजही देता येतो.

एक काम मात्र लगेच करा. मतदार यादीत तुमचं आणि मुलीचं नाव तपासा. ओळखपत्र हातात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि घर बदललेल्यांची नावं अनेकदा गळालेली असतात. मुलीसाठी नमुना ६ भरायचा. तुमच्या पत्त्यात किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. आता वर्षातून चार पात्रता तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे तिला वर्षभर थांबायला नको. पण निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नका. स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात, त्यानंतर नोंदलेलं नाव त्या वेळी धरत नाहीत. ऑनलाइन जमत नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा आणि आपल्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी, कोण ते विचारून घ्या.